खांबावरची काचपट्टी

मी एक जुनी काचपट्टी आहे, मित्रांनो. वीतभर लांब, दोन बोटं रुंद आणि मधोमध तुटलेली. फुटक्या काचेला कोण विचारतो, असं तुम्हाला वाटेल. माणसं तिला कागदात गुंडाळतात आणि फेकून देतात. मी मात्र एका कोळशाच्या खाणीवर, नव्या कामगारांना शिकवायच्या खोलीत, भिंतीवर चौकटीत राहते. माझ्या शेजारी एक घड्याळ आहे. ते रोज मागे पडतं, तरी त्याचा तोरा काही कमी होत नाही.

माझा जन्म एका खिडकीच्या तावदानातून झाला. खरं सांगायचं तर तावदान कापून उरलेली कड म्हणजे मी. माझी भावंडं मोठ्या ठिकाणी गेली. कुणी दवाखान्याच्या दारात बसलं, कुणी दुकानाच्या कपाटात. मी काचवाल्याच्या खोक्यात धूळ खात पडले होते. एके दिवशी पायांत जाड बूट घातलेल्या एक बाई दुकानात आल्या. खाणीच्या आतलं छत आणि खांब यांची मापं घेणं, ते हलत तर नाहीत ना हे पाहणं, हे त्यांचं काम. खाणीत सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत. त्यांनी काचेच्या बारीक पट्ट्या मागितल्या.

“बाई, जरा जाड देऊ का?” काचवाला म्हणाला. “ही पातळ आहे. लगेच फुटेल.”

“लगेच फुटणारीच हवी,” बाई म्हणाल्या.

असं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नसावं. मलाही बाईंचा रागच आला. आपण फुटावं म्हणून कुणी आपल्याला विकत घेतं का?

मग मी जमिनीखाली गेले आणि तिथे मला माझा खांब भेटला. मित्रांनो, त्या खांबाबद्दल काय सांगू! त्याला कुणी बांधलेलं नव्हतं. माणसांनी त्याच्या चारही बाजूंचा कोळसा काढून नेला आणि त्याला तेवढा मुद्दाम सोडून दिला. हाताशी आलेला कोळसा न काढता ठेवून द्यायला केवढी अक्कल लागते! अशा सोडलेल्या खांबांच्या रांगाच्या रांगा तिथे उभ्या होत्या आणि त्यांच्या मधल्या गल्ल्यांमधून माणसं काम करत होती. खांबांच्या डोक्यावर काय काय होतं? दगड, माती आणि सगळ्यांत वर रस्ते, घरं, एक शाळासुद्धा. शाळेतल्या मुलांना आपलं ओझं कोण वाहतंय, याचा पत्ताही नव्हता.

माझ्या खांबाच्या एका कोपऱ्याला केसाएवढी भेग गेली होती. मोजणीबाईंनी तिच्यावर मला आडवं ठेवलं आणि माझी दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की चिकटवली. कामगारांना त्यांनी समजावून सांगितलं, “भेग जुनी असेल आणि गप्प बसली असेल, तर काळजी नाही. पण ती रुंदावायला लागली तर डोळ्यांना दिसणार नाही. दोरी ताणली जाते, लाकूड वाकतं. काच ना ताणली जाते, ना वाकते. ही फुटली की कुणालाही विचारत बसू नका. सगळ्यांनी बाहेर यायचं आणि मला कळवायचं.”

तेव्हा कुठे मला माझं काम समजलं. माझा राग पळाला.

त्या गल्लीत छताला लाकडी टेकू लावायचं काम एक धिप्पाड गृहस्थ करत. त्यांना सगळे टेकूदादा म्हणत. आधी लोखंडी सळईने छतावर ठोकून पाहायचं. आवाज खणखणीत आला तर ठीक, पोकळ आला तर टेकू. त्यांच्या हाताखालून गेलेला टेकू तसूभरही हलत नसे. काम सुरू करण्यापूर्वी ते माझ्यापाशी यायचे, फडक्याने माझ्यावरची काळी धूळ पुसायचे, दिव्याच्या उजेडात मला नीट न्याहाळायचे आणि म्हणायचे, “शाबास! शाबूत आहेस.” माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्यांचा मेहुणाही त्याच गल्लीत, खांबाच्या पलीकडे कोळसा काढायला होता. मोठा थट्टेखोर. तो म्हणायचा, “दाजी, ताईला सांगू का? घरातल्या आरशाला कधी फडका मारला नाही, आणि इथे बघा!”

“तू कोळसा काढ,” टेकूदादा म्हणायचे. “तोंड घरी गेल्यावर चालव.”

अशी वर्षं गेली. आणि एक दिवस, काम ऐन भरात असताना, माझ्या अंगातून कळ गेली. कुणीतरी माझी दोन्ही टोकं धरून ओढावं तसं झालं, आणि मी टिचले. आवाज एवढासा. यंत्रांच्या घरघरीत तो कुणालाच ऐकू गेला नाही.

थोड्याच वेळात टेकूदादा खांद्यावर लाकूड घेऊन तिथून वळले. लाकडाचं मागचं टोक माझ्या खाली खांबाला घासलं. त्यांनी मागे वळून पाहिलं, मी तुटलेली दिसले आणि त्यांनी लाकूड खाली टाकलं. त्यांना वाटलं, आपल्याच हातून फुटली! इतकी वर्षं फुलासारखी जपली आणि आपणच फोडली. आता आपल्या धसमुसळेपणापायी सगळी गल्ली रिकामी करायची? लोक काय म्हणतील? मेहुणा तर जन्मभर पुरेल एवढी थट्टा करेल. मला वाचा असती तर मी ओरडले असते, ‘दादा, तुम्ही नाही हो! भेग रुंदावलीय! माणसं बाहेर काढा!’ पण काचेला वाचा कुठली? फुटणं हेच माझं बोलणं होतं आणि ते बोलून झालं होतं.

टेकूदादांनी हत्यारांच्या पेटीतून मोजणीबाईंनी जादा ठेवलेली नवी पट्टी आणली. मला खरवडून काढलं, खिशात टाकलं आणि माझ्या जागी तिला इतकी सुबक बसवली की मोजणीबाईंनाही फरक कळला नसता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात. त्या खिशात मला मात्र राहवत नव्हतं. पलीकडे सगळी माणसं निर्धास्त काम करत होती, कारण खांबावरची काच शाबूत दिसत होती.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे डबे घेऊन त्याच खांबाला टेकून बसले. मेहुण्याने काचेकडे दिवा वळवला.

“दाजी, आज काच लईच चमकतेय. काळजी नाही, आरामात जेवू या.”

टेकूदादांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मेहुण्याच्या डोक्यामागच्या खांबाकडे पाहिलं. आपल्या शब्दावर नाही, तर त्या काचेच्या भरवशावर ही माणसं बसली आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते ताडकन उठले.

“उठा सगळे! बाहेर चला. काच फुटलीय.”

“फुटलीय?” मेहुणा हसला. “ही काय, चांगली अख्खी आहे की!”

“ती मी लावलेली आहे. खरी इथे आहे.” टेकूदादांनी खिशातून माझे दोन तुकडे काढून तळहातावर धरले. “माझ्या लाकडाने फुटली असेल. नसेलही. मला माहीत नाही. आधी चला!”

कुणी हसलं नाही. डबे तिथेच टाकून सगळे निघाले.

बाहेर मोजणीबाईंनी माझे तुकडे उजेडात धरले, तुटलेल्या कडेवरून हळूच बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “दादा, धक्क्याने फुटली असती तर इथे टवका उडाला असता. ही ओढली जाऊन तुटलीय. तुमच्या हातून फुटलेली नाही.”

एवढा धिप्पाड माणूस, पण सगळ्यांसमोर लहान मुलासारखा रडला.

मग बाईंनी खाली जाऊन गल्लीच्या अलीकडच्या मजबूत छताखाली उभं राहून लांबून दिव्याचा उजेड टाकला. नवी पट्टीही तुटली होती आणि खांबाच्या अंगावरून कोळशाच्या खपल्या गळत होत्या. त्यांनी तिकडे कुणालाही पाऊल टाकू दिलं नाही. टेकूदादांनी गल्लीच्या तोंडाशी जाड ओंडके आडवे-उभे रचून भक्कम आधार दिला. मग आतलं छत कोसळलं. धुळीचा लोट बाहेर आला. पण शेजारचे खांब टिकले आणि वरची शाळाही जागच्या जागी राहिली. आत माणूस एकही नव्हता, नुसते डबे होते.

मेहुण्याने तोंडावरची धूळ पुसली. मग बसक्या आवाजात म्हणाला, “दाजी, माझा डबा गेला.”

“तुझी ताई नवा देईल,” टेकूदादा म्हणाले आणि त्यांनी त्याला पोटाशी धरलं.

मित्रांनो, मी खूप माणसं पाहिली. पण मला सगळ्यांत थोर वाटतात ते टेकूदादा. आता ते नव्या कामगारांना शिकवतात. प्रत्येक वेळी मला हातात घेऊन, खणखणीत आवाजात सांगतात, “ही मी लपवली होती.” असं सांगायला छताला टेकू लावण्याहून जास्त बळ लागतं.

तुमच्याही हातून कधी काही फुटेल, किंवा फुटलेलं तुम्हाला दिसेल. रागावतील, हसतील म्हणून ते लपवू नका. ते का फुटलं, हे आधी कुणाला तरी तपासू द्या. त्याच्या पलीकडे कुणी निर्धास्त जेवायला बसलं असेल.

संध्याकाळी खोली रिकामी झाली की टेकूदादा फडका घेऊन माझ्यापाशी येतात. चौकटीवरची धूळ पुसतात, मला नीट न्याहाळतात आणि म्हणतात, “शाबास! फुटलीस.”