दगडावरचं नाव

स्मारकाचा दगड बसवायला चार दिवस उरले होते आणि बाबांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. मी बकव्हीटच्या पिठाची धिरडी पुढे ठेवली, वर मेपलचा पाक ओतला. त्यांनी एक तुकडा मोडला आणि उठून खिडकीशी गेले. परत बसले. परत उठले.

"बाबा, बसा ना जरा एका जागी."

"झिल्फा, त्या सेल्सला सांगून ये, माझं नाव काढून टाक म्हणावं."

सेल्स म्हणजे आमच्या गावच्या स्मारक समितीचे अध्यक्ष. पंचवीस वर्षांपूर्वी, एकोणीसशे एकच्या सप्टेंबरात, उपराष्ट्राध्यक्ष आमच्या अ‍ॅडिराँडॅकच्या डोंगरात आले होते. डोंगरांचा त्यांना पोरवयापासून लळा. राष्ट्राध्यक्षांना गोळी लागली होती, पण आता ते बरे होतायत असा निरोप आला, म्हणून उपराष्ट्राध्यक्ष शिखर चढायला गेले. आणि वर असतानाच उलटा निरोप आला, राष्ट्राध्यक्ष आता वाचत नाहीत. मग भर पावसात, चिखलातून, घोडागाडीनं स्टेशन गाठायचं ठरलं. वाटेत घोडे बदलायचं एक ठिकाण म्हणजे आमचा तबेला. आमच्या दारातून गेले ते उपराष्ट्राध्यक्ष होते. स्टेशनावर उतरले ते राष्ट्राध्यक्ष; मधल्या वेळात आधीचे वारले होते.

दगडावर कोरलं होतं : येथे एलम प्राउटी यांनी घोडे जुंपून दिले.

एलम प्राउटी म्हणजे माझे बाबा. आणि ते त्या वेळी झोपले होते.

मी दहा वर्षांची होते, पण मला सगळं आठवतं. टेलिफोनवरून निरोप आला तेव्हा बाबा म्हणाले, "या पावसात कोण वेडा येतोय? सकाळी बघू." आणि पांघरूण ओढून घेतलं. आईला मात्र चैन पडेना. ती दाराशी जाई, कान देई, परत येई.

"अरे एलम, ऊठ. खरंच आला तर?"

"थर्झा, तू झोप. मलाही झोपू दे."

शेवटी तिनं बाबांचा कोट चढवला, त्यांचीच हॅट डोक्यावर दाबली आणि कंदील धरायला मला सोबत नेलं. तासभर आधीच दोन्ही घोडे साज चढवून उभे होते. गाडी आली. एका क्षणाची खोटी झाली नाही. जुने सोडले, नवे जुंपले. गाडीवान कॉर्विननं तोंडावरचं पाणी पुसत ओरडून सांगितलं, "उपकार झाले रे, एलम!" आणि गाडी गेली.

सकाळपर्यंत गावभर झालं, एलमनं कमाल केली. बाबा चहाचा पेला हातात घेऊन लालबुंद होऊन बसले. आई हसून हसून बेजार. "राहू दे रे. तुझा कोट तरी होताच तिथं!" आधी ती गंमत होती. मग कुणीतरी बाबांना दारू पाजली, कुणी वर्तमानपत्रात छापलं, आणि परत फिरायला वाट उरली नाही. आई गेली त्याला आता सहा वर्षं झाली.

मी सेल्सकडे गेले नाही. बाबाच गेले, तीन मैल चालत. परत आले ते जास्तच अस्वस्थ.

"काय म्हणाले?"

"म्हणे, दगड कोरून झालाय, एलम. आणि म्हणे, म्हातारपणी असं वाटतं माणसाला, कॉफी घे."

समारंभाला बँड होता, शाळेची मुलं झेंडे घेऊन उभी होती. बाबांना बोलायला उभं केलं. हॅट हातात चुरगाळत ते म्हणाले, "मी झोपलो होतो. घोडे माझ्या बायकोनं जुंपले."

मग टाळ्यांचा कडकडाट. "बघा, माणूस किती मोठ्या मनाचा!" सेल्स म्हणाले आणि त्यांची पाठ थोपटली. बाबा तोंड उघडं टाकून उभेच. माझ्यानं राहवेना. मी उठून ओरडले, "खरं सांगतायत ते! कंदील माझ्या हातात होता!" दोन-चार बायकांनी वळून पाहिलं. शेजारची म्हातारी लोविसा माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात बँड सुरू झाला.

परतीच्या वाटेवर बाबा माझ्यापुढे भराभर चालत होते, जणू कुठं पोचायला उशीर झालाय. ओढ्याच्या पुलावर एकदम थांबले.

"गाडी गेल्यावर ती काय म्हणाली?"

पंचवीस वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"म्हणाली, करडा घोडा खोकतोय, त्याला कोमट पाणी दे. मग दमलेले घोडे कोरडे पुसत बसली."

"माझ्याबद्दल?"

"म्हणाली, त्याला उठवू नको."

बाबा कठड्याला धरून उभे राहिले. खाली पाणी जोरात वाहत होतं. मग म्हणाले, "उठवायला हवं होतं तिनं," आणि पुन्हा चालू लागले, तसेच भराभर.