दाराची कडी

"बादली ठेव तिथंच आणि जा तू. नको म्हटलं ना!"

नवऱ्याचा आवाज संडासाच्या दाराच्या फटीतून आला, तशी मावशी बादली ठेवून बाहेर थांबली. आत काय होणार ते तिला ठाऊक होतं. अर्धांगाच्या झटक्यानं त्याचा डावा हात गेलेला. उजव्या हातानं भिंतीवरची आधाराची दांडी सोडली की तोल जायचा. मग बादली उचलायची कशानं? पाणी सांडल्याचा आवाज आला. जरा वेळानं तो हळूच म्हणाला, "ये."

ती आत गेली. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

तिची सगळी नोकरी इस्पितळाच्या पुरुष वॉर्डात गेली. 'मावशी' हे नावही तिथलंच. अनोळखी माणसांची शौचाची भांडी तिनं कधी नाक न मुरडता उचलली.

"मला कसली आलीय घाण?" ती म्हणायची.

"ती नोकरी होती. परक्यांचं केलंस. माझं करू नकोस."

सारखं आत जावं लागू नये म्हणून हल्ली तो दोन घास खाऊन उठायचा. दुपारनंतर पाण्याला शिवायचा नाही. सगळ्यात वरचा मजला, नळाला करंगळीएवढी धार. संडासाची जुनी टाकी एकदा रिकामी झाली की भरता भरत नसे.

लेक माहेरी आली आणि बापाचे सुकलेले ओठ बघून हबकली.

"आई, कमी पाण्याचा कमोड बसवू या. दोन बटणांचा. टाकी पटकन भरते."

"चूळ भरण्याएवढ्या पाण्यानं काय होणार गं? एकदा दाबा, दोनदा दाबा, शेवटी बादली आहेच. उगाच फरशी फोडून ठेवायची."

प्लंबर आला, त्यालाही तिनं तेच ऐकवलं. तो म्हणाला, "बरोबर आहे काकू. जुन्या भांड्याला नुसती छोटी टाकी लावली तर तसंच होतं. म्हणून भांडंच बदलायचं. आतला उतार असा असतो की थोडं पाणीही जोरात फिरतं. सगळेच चांगले निघत नाहीत, पण हा मी माझ्या आईकडे बसवलाय."

मावशीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो मघापासून वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसला होता.

"बसवा," ती म्हणाली.

काम संपेपर्यंत संडासासाठी शेजाऱ्यांचं दार वाजवावं लागलं. तेही त्यानं मान खाली घालून सोसलं.

सिमेंट वाळल्यावर मावशीनं आधी स्वतः बघायचं ठरवलं. कागदाचे बोळे टाकले आणि बटण दाबलं. पाणी कडेनं गोल धावत आलं आणि एका घोटात सगळं घेऊन गेलं. भांडं लख्ख. तिनं टाकीचं झाकण उचललं. त्याच करंगळीएवढ्या धारेखाली पाणी चढत होतं, बघता बघता वर आलं आणि आपोआप थांबलं.

जन्मभर तिनं पाणी वाहिलं होतं, ओतलं होतं, फरशांवर फेकलं होतं. एवढंसं पुरतं? झाकण हातात धरून ती कितीतरी वेळ त्या निवांत पाण्याकडे बघत राहिली.

"झालं का तुझं?" मागून तो म्हणाला. "सरक."

ती बाहेर आली. दार लागलं. आणि आतून कडी सरकली.

आजारपणानंतर ती कडी कधी लागली नव्हती. मावशीचा हात दाराकडे गेला. तिनं तो मागे घेतला. आतून बटणाचा टक् असा आवाज आला, पाणी धावलं, आणि सगळं शांत झालं. तिनं 'ये'ची वाट पाहिली. हाक आली नाही.

कडी निघाली. तो बाहेर आला, ओला हात सदऱ्याला पुसत, मान वर करून.

"उभी का अशी?"

"काही नाही," ती म्हणाली. वॉर्डात मोठे डॉक्टर आले की ती भिंतीला टेकून वाट द्यायची, तशी ती बाजूला झाली. तो भिंतीच्या आधारानं एकेक पाऊल टाकत तिच्यासमोरून पुढे गेला.