पाहुण्याच्या ताटातला भात

मी तराजू बोलतोय. पासली गावात साळूबाईंच्या पडवीत, दाराच्या उजव्या अंगाला खुंटीवर टांगलेला आहे, तोच. पितळेची दोन पारडी, लोखंडी दांडी आणि मधे काटा. दिसायला साधा, पण स्वभावानं जरा खोचक. पारड्याला कुणी हळूच बोट लावलं की माझ्या अंगाची लाही होते. माणसं मात्र माझ्यासमोर उभी राहिली की त्यांच्या बोटांना कसा कोण जाणे, चाळा लागतो.

माझा जन्म भोरच्या बाजारातला. महंमदभाई म्हणून एक कारागीर होते, त्यांनी मला घडवलं. पारडी ठोकून झाल्यावर त्यांनी ती अदलाबदल करून पुन्हा तोलून पाहिली, काटा जागचा हलला नाही. तेव्हा ते आपल्या बीबीला, सकिनाबींना म्हणाले, "हा हिकडं बी झुकत न्हाई आणि तिकडं बी न्हाई." त्या नुसत्या हसल्या. मला मात्र त्या दिवसापासून गर्व चढला. मला वाटायचं, आपण वजन बरोबर सांगितलं की झालं, आपलं काम संपलं.

मला विकत घेतलं आनंदरावांनी. ते मूळचे भोरचेच, शिकायला पुण्याला राहिलेले. अंगात कोट, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा आणि बोलणं मऊ. अर्थशास्त्रात डॉक्टरची पदवी घ्यायची होती त्यांना. त्यासाठी डोंगरातल्या गावात महिनोन् महिने राहायचं, एखादं घर काय पिकवतं, काय विकतं आणि काय खातं ते रोज तोलून बघायचं, आणि त्याचा मोठा प्रबंध लिहायचा. हे साल छत्तीसचं. नसरापूरपर्यंत मोटार, पुढं वेल्ह्याला बैलगाडी आणि तिथून पायी, असे आम्ही पासलीला पोहोचलो.

गावात पाऊल टाकताच माणसं पांगली. कोटवाला आणि तराजूवाला, म्हणजे सरकारी माणूस असणार, भातावर काहीतरी नवा कर बसणार, असं त्यांना वाटलं. कुणी दारात उभं करीना. शेवटी साळूबाई म्हणाल्या, "पावणा हाय, उन्हाचा आलाय. आधी पाणी तर द्या, मग बघू कोन हाय त्ये." साळूबाई आणि त्यांचे मालक गेनबा, दोघंच घरात. मुलगी नांदायला गेलेली. डोंगराच्या पायथ्याला भाताची दोन खाचरं, वर माळावर नाचणी आणि वरई. आनंदराव त्यांच्याच पडवीत राहिले आणि मी या खुंटीवर चढलो.

दुसऱ्या दिवशी आनंदरावांनी साळूबाईंना समजावून सांगितलं. "तुमच्या चुलीवर रोज जे शिजेल ते आधी या तराजूत घालायचं. मी मांडून ठेवीन. त्यावरच मला पदवी मिळायची."

साळूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "म्हंजे ह्यात जे पडंल, त्येच्यावर?"

"हो, त्याच्यावरच," आनंदराव म्हणाले, आणि वही उघडून बसले.

खरं बोलले ते. पण मी तिथंच लटकत होतो आणि साळूबाईंच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांच्या मनात काय आलं ते मला लख्ख दिसलं. आपल्या घरची नाचणी ह्या पारड्यात पडली तर बिचाऱ्याला कसली पदवी मिळणार, असं त्यांना वाटलं. त्या दिवशी सुपात तांदूळ आले, पांढरे स्वच्छ, तिघांना पुरून उरतील असे.

गेनबांनी ताटाकडं पाहिलं आणि विचारलं, "आज काय सण हाय व्हय?"

"जेवा मुकाट," साळूबाई म्हणाल्या.

या गावात भात पिकतो, पण रोज भात कुणी खात नाही. तो बाजारात जातो, बलुत्याला जातो, सणाला शिजतो. रोजच्या पोटाला नाचणीची भाकरी आणि पेज. हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण आनंदरावांसमोर गाव सांगेना, कारण पाहुण्याला आपण घरी काय खातो ते कोण सांगतं. ते शेजारी गेले तर शेजारीही भातच. फुलाबाईंच्या घरी तर त्या दिवशी तूपही निघालं.

आनंदराव खूश होऊ लागले. आजवर पुस्तकांत लिहिलेलं की डोंगरातली माणसं हलकं धान्य खाऊन राहतात. आणि इथं रोज तांदूळ. पुण्याला जाऊन आले तेव्हा सांगत होते, त्यांचे प्राध्यापक म्हणाले, हे नवंच सापडलं, हे नीट मांडा. त्या दिवसापासून ते मला तेल लावून पुसायला लागले. मीही चमकायला लागलो. खरं तर लाज वाटायला हवी होती, पण कौतुक कुणाला आवडत नाही?

थंडी सरली तशी घरातली कणगी रिकामी झाली. एका दुपारी आनंदराव वाडीत गेलेले, गेनबा गुरांमागं. साळूबाईंनी माळ्यावरून मुडा खाली काढला. मुडा म्हणजे पेंढ्याच्या दोरीनं गच्च वळलेला गोळा, त्यात पुढच्या वर्षाचं बियाणं असतं. घरात उपास पडला तरी त्याला हात लावत नाहीत. बी खाल्लं असं कुणाबद्दल बोललं गेलं, की त्या घराची अब्रू गेली. साळूबाई त्याच्यासमोर कितीतरी वेळ बसून राहिल्या. मग त्यांनी दोरी सोडली आणि ते बियाणं कांडायला उखळात ओतलं.

संध्याकाळी ते तांदूळ माझ्या पारड्यात आले. काय सांगू तुम्हाला, मला ते पेलवेनात. वाटलं दांडी मोडावी, काटा गळून पडावा. पण मी आपला सरळ राहिलो आणि बरोबर वजन सांगितलं. तेवढंच मला येतं.

आनंदरावांची नजर माळ्याकडं गेली. "तिथं मुडा होता ना?"

"वरच्या वाडीत नेऊन ठिवलाय. हितं उंदीर लई झाल्यात," साळूबाई म्हणाल्या.

आनंदराव एवढे शिकलेले. मुडा म्हणजे काय हे त्यांनी स्वतःच्या हातानं मांडून ठेवलेलं. त्यांनी साळूबाईंच्या तोंडाकडं पाहिलं, एक शब्द विचारायला ओठ उघडले, आणि मग मिटले. आकडे फार चांगले येत होते. ते खाली बसले आणि जेवले.

उन्हाळा लागला तसे ते पुण्याला लिहायला गेले. मला इथंच ठेवून गेले, पुढल्या खेपेला नेईन म्हणून.

मग जे झालं ते मी या खुंटीवरून रोज बघितलं. गावानं राब भाजले. भाताचं रोप टाकायचं त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. साळूबाईंनीही आपला राब भाजला, अगदी नीट, कडेपर्यंत. पेरायला मूठभर बी नव्हतं, पण गावाला कळायला नको. गेनबा म्हणाले, "शेजारच्या कोंडिबाकडं मागतो की थोडं." साळूबाई म्हणाल्या, "आपलं कुठं गेलं, म्हनून इचारलं तर काय सांगशिला?" गेनबा गेले नाहीत. पाऊस झाला, सगळ्यांचे राब हिरवे झाले. आमचा काळाच राहिला.

आवणीच्या, म्हणजे रोपं खाचरात लावायच्या सुमाराला आनंदराव आले. पेढे आणले होते. प्रबंध टंकून तयार, आता फक्त पोचता करायचा. आल्याआल्या पेढ्यांचा पुडा साळूबाईंच्या हातात ठेवला आणि वळले तर समोर तो काळा तुकडा. 

"गेनबा, रोप नाही टाकलं?"

"बी संपलं."

"संपलं कसं?"

गेनबा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. "तुमी हुता न्हवं," एवढंच म्हणाले.

"तुमास्नी काय कळतं का, काय बोलावं त्ये?" साळूबाई नवऱ्यावर तडकल्या. पण बोलणं होऊन गेलं होतं. आनंदराव पायरीवर बसले.  म्हणाले, "मला दिसलं होतं. मुडा दिसला नाही तेव्हाच मला कळलं होतं. मी विचारलं नाही."

मग त्यांनी पैसे काढले. साळूबाईंनी हात मागं घेतला. "पावण्यानं जेवल्याल्याचं पैकं घेत्यात व्हय कुठं?"

"मग मी प्रबंध बदलतो. खरं लिहितो. तुम्ही रोज काय खाता ते लिहितो, आणि मी आलो म्हणून काय झालं तेही लिहितो."

"तसं लिवल्यावर पदवी मिळंल?"

आनंदरावांनी पैसे परत खिशात ठेवले. मग म्हणाले, "यंदा नाही मिळायची. सगळं पहिल्यापासून करावं लागेल. कदाचित मिळायचीच नाही."

साळूबाईंचे डोळे भरले. एवढ्या दिवसांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "भात ग्येलं त्ये ग्येलं. आता पदवी बी ग्येली, तर म्या रांधलं कशापायी?"

  दोन्ही पारड्यांत इतकं जड काही मी आयुष्यात पाहिलं नाही.

त्यांनी प्रबंध तसाच दिला. पदवी मिळाली. साळूबाईंनी गावभर गूळ वाटला. त्या वर्षी घरात भाताचा दाणा नव्हता. गेनबा कोळशाच्या भट्टीवर लाकडं वाहायला गेले आणि त्यांचा उजवा खांदा कायमचा गेला. आनंदराव एकदाच आले, साळूबाईंच्या पाया पडले आणि मला म्हणण्यापेक्षा स्वतःलाच म्हणाले, "हा इथंच राहू दे." दर दिवाळीला त्यांच्याकडून लुगडं येतं. ते मात्र येत नाहीत. का येत नाहीत ते मला ठाऊक आहे. मला बघायचं नसतं त्यांना.

आणि साळूबाई? त्या दर खंडेनवमीला मला हळदकुंकू लावतात, फूल वाहतात. आल्यागेल्याला सांगतात, "ह्या तराजूनं आमचं आनंदराव डाक्टर झालं." फूल अंगावर पडलं की मला पळून जावंसं वाटतं. त्या लोकांना काय सांगू मी? की मी तोललं ते खरं होतं आणि त्यातून निघालं ते खोटं होतं?

हे सगळं आजच का बोलतोय, तर आज सकाळी नसरापूरहून एक तरुण आलाय. कोट नाही, पण पिशवीत कागद आहेत. माझ्याखालीच घोंगडीवर बसलाय. म्हणाला, "आनंदरावांचा प्रबंध वाचून आलो. मलाही तसंच काम करायचंय."

साळूबाईंचा चेहरा उजळला. आता त्यांचे केस पिकलेत, कंबर वाकलीय. "म्हंजे तुमास्नी बी पदवी पायजे?"

"मिळाली तर बरंच," तो हसून म्हणाला.

"मिळंल की. न मिळायला काय झालं. बसा तुमी."

त्यांनी मला खाली काढलं, पदरानं पुसलं, त्याच्यापुढं ठेवलं आणि आत गेल्या. माळ्यावर काहीतरी सरकल्याचा आवाज आला. कोपऱ्यातून गेनबा म्हणाले, "अगं, पुन्यांदा तेच गं..." आतून उत्तर आलं, "गप बसा."

पोरा, तू मला उलटसुलट करून बघतोयस. काटा नीट आहे का ते बघतोयस. नीट आहे रे बाबा, अगदी नीट आहे. तेच तर दुखणं आहे. मला जीभ नाही, तुला आहे. आत जा. तिला सांग की तू नाचणीच खातोस, तुला भात सोसत नाही, काय वाटेल ते सांग. ऊठ बाबा, तिनं मुसळ उचललंय.