खांद्याची खूण

"बाबा, खूण जरा खाली घ्या."

"तू वरचे बोल्ट आवळ. खुंटीचं मी बघतो."

गाड्या धुण्याच्या तिसऱ्या गाळ्यात बांबूमिस्त्री भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले आणि त्यांनी आपल्या खांद्यालगत खडूने रेघ ओढली. ते इतके उंच होते, की त्यांचं खरं नाव लोक विसरून गेले होते.

इथे लोक स्वतःच गाडी धुवायचे. मग भिंतीवरच्या ड्रायरची नळी ओढून, तिच्या वाऱ्याने काचांवरचं, फटींतलं पाणी उडवून द्यायचे. काम झालं की नळीच्या टोकाचं नोझल खुंटीला अडकवायचं, निदान अशी अपेक्षा असायची. ड्रायर बसवण्यात मिस्त्रींचा हात धरणारा कुणी नव्हता. पण कानाच्या दुखण्यापासून शिडीवर चढलं की त्यांना गरगरायचं. म्हणून वर सून चढायची आणि खालून हुकूम ते सोडायचे.

मालक आले. त्यांच्या हातात पहिल्या गाळ्यातलं नोझल होतं, टेम्पोच्या चाकाखाली पापडासारखं चपटं झालेलं.

"मिस्त्री, परत?"

"लोकांना शिस्त नाही, मालक. काम झालं की देतात जमिनीवर टाकून."

"लोक कुठून बदलून आणू? आज हा गाळा चालू करा. संध्याकाळपर्यंत इथलं नोझल एकदा जरी खाली पडलेलं दिसलं, तर उरलेले गाळे दुसऱ्याला देईन. राग मानू नका."

मालक गेले. मिस्त्री खडू बोटांत फिरवत राहिले. काम गेलं असतं, ते एक वेळ चाललं असतं. पण 'बांबू आता वाकला' असं उद्या सगळ्या बाजारात झालं असतं.

सून शिडीवरून उतरली आणि रेघेखाली जाऊन उभी राहिली. रेघ तिच्या डोक्याच्याही वर होती. तिने नळी ओढली, टाचा उचलल्या, नोझल कसंबसं रेघेला टेकवलं.

"बघा. माझे दोन्ही हात मोकळे आहेत, तरी ही तऱ्हा. लोकांच्या एका हातात फडकं असतं, मागचा हॉर्न मारत असतो. एकदा बघतील, दोनदा बघतील, मग ठेवतील खाली."

"खाली लावली तर फवाऱ्याचं पाणी शिरेल नोझलमध्ये."

"मग भिंतीवर नकोच. बाहेर पडायच्या बाजूच्या खांबावर लावू. मघाशी मी सगळीकडे फवारा मारून बघितला, तो खांब कोरडा राहतो."

"आणि इतकी वर्षं मी काय झोपेत खुंट्या ठोकल्या?"

"झोपेत कुठे? उभ्याने ठोकल्या, म्हणून तर एवढ्या वर गेल्या."

मिस्त्रींना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. "फार शहाणी झालीस."

"घरी स्टुलावर चढून चढून झाले. फळ्या तुम्हीच ठोकल्यात ना? सासूबाईसुद्धा शेवटपर्यंत स्टूल घेऊनच वावरायच्या स्वयंपाकघरात."

"ती मला कधी बोलली नाही."

"मला बोलायच्या. म्हणायच्या, एवढ्या हौसेने ठोकल्यात, आता कुठे काढायला लावू?"

मिस्त्रींनी रेघ तळहाताने पुसून टाकली आणि खडू सुनेच्या हातात दिला.

दुपारी गाळा चालू झाला. समोरच्या कट्ट्यावर दोघं सासरा-सून परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी बसली. पहिला टॅक्सीवाला आला. त्याने गाडी कोरडी केली, नोझल खुंटीला अडकवलं.

"हा उंच होता," मिस्त्री पुटपुटले. "याला धरू नकोस."

मग एक ठेंगणी बाई जुनी व्हॅन घेऊन आली. मोबाइल कान आणि खांद्यामध्ये धरून ती कुणाशी तरी तावातावाने भांडत होती. भांडता भांडताच तिने गाडी धुतली, वाळवली, आरशामागे दडलेलं पाणीसुद्धा वाऱ्याने हुसकून लावलं. मग नोझल हातात घेऊन इकडेतिकडे फिरू लागली. मिस्त्रींनी सुनेचं मनगट घट्ट धरलं.

"नाही म्हणजे नाही!" बाई फोनवर ओरडली आणि पाठमोरीच हात मागे नेला. खट्. नोझल खुंटीत बसलं.

"बघितलंस?" मिस्त्री उठून उभे राहिले. "तिने बघितलंसुद्धा नाही!"

दिवस मावळेपर्यंत गाड्या येत राहिल्या. नोझल दर वेळी खुंटीवर गेलं. मालक दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा आले, तेव्हा हसत होते.

"मानलं. उरलेले गाळे तुमचेच. पण मिस्त्री, खुंटी एवढी खाली कशी आली?"

"नव्या मिस्त्रीची उंची तेवढी आहे," बांबूमिस्त्री म्हणाले आणि छाती काढून त्यांनी सुनेकडे बोट दाखवलं.

मालक गेल्यावर ते पाना घेऊन पहिल्या गाळ्यात शिरले. आपल्या हाताने ठोकलेली खुंटी त्यांनी स्वतःच काढली. मग सुनेला खांबापाशी उभं केलं.

"टाचा टेकव. ताठ." त्यांनी तिच्या खांद्यालगत रेघ ओढली. "घरी जाताना स्क्रू घेऊ. फळ्या खाली आणायच्यात."

"मग स्टुलाचं काय करायचं?"

मिस्त्रींनी वळून पाहिलं. भिंतीत, त्यांच्या खांद्याच्या उंचीला, दोन रिकामी भोकं दिसत होती.

"राहू दे," ते म्हणाले. "तिचं आहे ते."