वेणीतला मासा

नेबसूने फिरोज्याच्या उरलेल्या तुकड्यातून एकच मासा घडवला. नाईलकाठच्या मुली असा मासा वेणीच्या टोकाला बांधतात, पाण्याने ओढून नेऊ नये म्हणून. नेबसूच्या घरात मुली दोन. बायको म्हणाली, "धाकटीला घालू. तखारू जात्याच भित्री, ती कशाला बुडतेय."

त्या सकाळी आईचे हात पिठात होते. "तूच बांध गं तिच्या वेणीला," तिने तखारूला सांगितलं. तखारूने दोन गाठी मारल्या, ओढून पाहिल्या.

नदीला पूर चढत होता. घागर भरता भरता तखारूने हाक मारली, "वबेत, मागे ये."

सहा वर्षांची वबेत छातीभर पाण्यात हसत उभी होती. "मला काय होतंय? माझ्याकडे मासा आहे. तुला नाही म्हणून जळतेस." आणि तिने आणखी एक पाऊल टाकलं.

तखारूने वेणी धरूनच तिला बाहेर ओढलं, तोवर सगळं संपलं होतं. मासा वेणीला तसाच होता.

तिसऱ्या दिवशी हाथोर देवीचा पुजारी येऊन बसला. नेबसू मान वर करेना. अख्ख्या वस्तीच्या गळ्यात त्याच्याच हातचे ताईत होते.

"गाठ कुणी मारली?" पुजाऱ्याने विचारलं.

"मी," तखारू म्हणाली. "पण सुटली नाही ती. बघा हवं तर."

"बांधताना मंत्र म्हटलास?"

"कुठला मंत्र? मला कुणी शिकवलाच नाही."

तिने आईकडे पाहिलं. आईनेही रोज वेणी घालताना कधी मंत्र म्हटला नव्हता. तेवढं बोलली असती तरी पुरे होतं. आई चुलीतली राख ओढत राहिली.

"मग माशाचा काय दोष," म्हणत पुजारी उठला. बापाने सुटकेचा श्वास सोडला, तो तखारूला स्पष्ट ऐकू आला.

पूर ओसरायच्या आत बायका मासे मागायला येऊ लागल्या. पुजाऱ्याने शिकवलेला मंत्र आई एकेकीकडून पाठ करून घ्यायची. "आणि गाठ आपल्या हातानेच मारा," ती सांगायची. "बहिणीवर सोडू नका. आमच्याकडे तेच झालं."

तखारू आत बापाशेजारी बसून वाळूने मासे घासत असे. एकदा एक बाई दारातून डोकावली. "हीच का ती?"

"हीच," आई म्हणाली.

तखारूने मान वर केली. बाप हळूच म्हणाला, "हात थांबवू नकोस."