वरच्या मजल्यावरचं मशीन

"कोरं कापड आधी भिजवून घे गं. आटतं ते," वरच्या काकूंनी जिना चढता चढता बजावलं होतं. तिने मान डोलावली आणि कापड कोरंच कापलं. वीतभर तर मास्क, त्यात आटून आटून किती आटणार?

आता पहिल्याच धुण्यानंतर नवरा आरशासमोर तो मास्क ओढत उभा होता. नाक झाकलं की हनुवटी उघडी, हनुवटी झाकली की नाक.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसं आता मास्क पाहून तोंड उघडायचं का?"

"तुला मुस्कंच शिवायला हवं होतं," ती म्हणाली.

चार वर्षांच्या ठकूने मास्क हिसकावून स्वतःच्या तोंडावर चढवला. अगदी चपखल बसला.

ती हसली, पण कान छताकडे होते. वर काकूंचं पायमशीन सुरू झालं होतं. खडखडखड, जरा उसंत, पुन्हा खडखडखड. साथीचे दिवस, काकू एकट्या. तो आवाज आला की हिचा जीव भांड्यात पडे. मागे एकदा दुपारभर आवाज आला नाही, तेव्हा ती हातातलं पीठ न धुताच धावली होती. काकू डुलकी काढत होत्या.

तिने आधी त्यांनाच मास्क शिवून मागितले होते. "छे बाई, ढीगभर कामं पडलीत. तूच शीक," म्हणून काकूंनी टोलवलं होतं. तरीही आज, स्वतः मास्क लावून, आटलेले मास्क मुठीत घेऊन ती वर गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. काकू पाठमोऱ्या, पाय मशीनच्या पट्टीवर.

"हरले, काकू. सगळे आटले."

काकू दचकल्या, मग खुदकन हसल्या. "तेव्हा मान कशी डोलावत होतीस! म्हटलं, एका कानाने ऐकतेय नि दुसऱ्याने सोडतेय."

मशीनवर एक अर्धा मास्क होता. तीन चुण्या, सुरीच्या पात्यासारख्या.

"चुण्यांची तोंडं खाली ठेवायची," काकू म्हणाल्या. "वर ठेवलीस तर धूळ साठते."

तिने कौतुकाने तो उचलला. टाचण्या लावलेली बाजू तेवढी धरून राहिली. दुसऱ्या बाजूच्या चुण्या एकेक करत सुटल्या. शिवणीच्या जागी सरळ रेघेत सुईची भोकं होती, टाका एकही नव्हता. तिने सुईकडे पाहिलं. सुईत दोरा नव्हता.

काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. तो स्वच्छच होता.

"नेढं दिसत नाही गं आता."

"मग रोज दुपारी मशीन...?"

"बंद ठेवलं की तू पिठाच्या हातांनी धावत येतेस. म्हटलं, लेकुरवाळी पोर, तिच्या जिवाला आणखी घोर कशाला?"

तिने रिळाचा दोरा खेचला आणि सवयीने टोक ओलं करायला तोंडाकडे नेलं. ते मास्कवर आपटलं. तिने पुन्हा नेलं, पुन्हा आपटलं. काकू पोट धरून हसू लागल्या, मग तीही. शेवटी बोटांत पीळ देऊन तिने दोरा ओवला.

"उद्यापासून ओवायला मी येईन. आमचे मास्क मात्र तुम्ही शिवायचे."

"आधी कापड भिजव."

काकूंनी पाय पट्टीवर ठेवले. ती जिना उतरून घरात आली, तर नवरा छताकडे बोट दाखवून म्हणाला, "ऐक, काकू आज काय जोरात आहेत!"

तुमच्याही डोक्यावर, भिंतीपलीकडे, असं एखादं मशीन चालत असेल. आवाज येतोय म्हणून निवांत बसू नका. एकदा वर जा, सुईत दोरा आहे ना, तेवढं बघून या.