घाणेरीशी संगनमत

भिवाजीरावांच्या परसात घाणेरी माजली होती, आणि ती तशीच माजत राहावी असं मनातून वाटणारा माणूस त्या घरात एकच होता. खुद्द भिवाजीराव.

सिकंदराबादेत रेल्वेच्या रेकॉर्ड ऑफिसात पस्तीस वर्षं फायली लावून ते निवृत्त झाले होते. फायली बोलत नाहीत, म्हणून ती नोकरी त्यांना मानवली. निरोप समारंभात मात्र चार ओळींचं आभाराचं भाषण वाचायची पाळी आली. पहिल्याच ओळीला आवाज जो गेला, तो आलाच नाही. शेवटी मोठ्या साहेबांनी कागद घेतला आणि साहेबांचे आभार साहेबांनीच मानले. ही गोष्ट आठवली की भिवाजीरावांचे कान अजून गरम होत.

आणि गेल्या वर्षापासून त्यांच्या पत्नी मनकर्णाबाईंच्या मनात वर्षावासातलं धम्मग्रंथाचं वाचन आपल्या परसात बसवायचं होतं. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, रोज संध्याकाळी, वर पत्र्याचा मांडव घालून. गल्लीत नांदेड-परभणीकडून आलेली पंधरा-वीस घरं होती, ती सगळी येणार. वाचणार कोण, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. तरुण पोरं मराठी बोलत, पण वाचायला दिलं की जोडाक्षरापाशी थबकत. भिवाजीरावांचा स्वतःचा मुलगा आदर्श दुकानाची मराठी पाटीसुद्धा दोन हप्त्यांत वाचायचा. घरात कपाटभर पुस्तकं असलेला माणूस एकच. "हे वाचतील," असं मनकर्णाबाईंनी सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

अडचण एवढीच होती की परसात माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीपासून मोरीपर्यंत नारिंगी-गुलाबी फुलांची, काटेरी, उग्र वासाची घाणेरी. तिची काळी फळं बुलबुल खात आणि आणखी चार ठिकाणी पेरून ठेवत. गेल्या वर्षी माळीकाम करणाऱ्या यादय्याला बोलावून ती जमिनीलगत छाटली. तो जाताना म्हणाला, "फिकर नक्को साब, खलास." दीड महिन्यात ती दुप्पट झाली. त्या वर्षीचं वाचन राहून गेलं. यंदा होळीनंतर पुन्हा छाटली, आणि जून लागताच ती पुन्हा कमरेपर्यंत आली.

असं का होतं, ते भिवाजीरावांना ठाऊक होतं. कोठी बाजारातल्या फुटपाथवर घेतलेल्या तणांवरच्या एका जुन्या पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. ही वरून छाटली की फोफावते. माती उकरून दोन बोटं खाली मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं वर ठेवून वाळवायचं. ते पान त्यांनी तीनदा वाचलं, पुस्तक कपाटाच्या मागच्या रांगेत सारलं, आणि यादय्याला चहा नेऊन दिला. खोटं ते एक अक्षर बोलले नव्हते. बोललेच नव्हते.

पौर्णिमेला वीस दिवस उरले तेव्हा वाचन भरवणाऱ्या मंडळाचा प्रमोद आला. त्याने सुचवलं की यंदा वाचन लांब कुकटपल्लीला त्याच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवू, वाचायचं तोच बघेल. भिवाजीरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यांनी त्याला आग्रहाने दुसरा लाडू वाढला.

प्रमोद गेल्यावर मनकर्णाबाई ताटं उचलता उचलता म्हणाल्या, "मी नाही जायची. प्रमोद वाचतो की गाडी किती नंबरच्या फलाटाला लागली ते सांगतो, तेच कळत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "लग्न झाल्यावर तुम्ही मला वाचून दाखवायचात, एका खोलीत होतो तेव्हा. मला वाटलं होतं, तसं एकदा सगळ्यांनी ऐकावं."

भिवाजीरावांनी लाडवांचा डबा बंद करून फळीवर ठेवला.

सकाळी परसातून खसाखस आवाज आला म्हणून ते दारात गेले. मनकर्णाबाई एकट्याच विळा घेऊन घाणेरीला भिडल्या होत्या. कोपरापर्यंत ओरखडे. आणि छाटत होत्या वरून.

"वरून नको."

हे कोण बोललं, म्हणून भिवाजीरावांनीही मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मग कुठून?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"मातीच्या खाली. दोन बोटं. तिथं मूळ तोडलं की परत येत नाही."

"हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

आत्ताच वाचलं, असं म्हणता आलं असतं. "गेल्या वर्षीपासून," ते म्हणाले.

मनकर्णाबाईंनी विळा खाली टाकला. मग भिंतीला टेकलेली पहार आणून त्यांच्या हातात दिली.

पहिलं मूळ निघायला अर्धा तास लागला. तोवर आदर्श उठून आला, यादय्या आला, शेजारचे लोक भिंतीवरून डोकावता डोकावता आत उतरले, आणि हॉलचं पक्कं करायला आलेला प्रमोदही बाह्या सरसावून उभा राहिला. जो तो आपल्या मनाने ओढू लागला. ते बघून भिवाजीरावांचं डोकं तापलं. पुस्तकात चित्रासकट दिलेलं काम लोक चुकीचं करत होते. यादय्याला त्यांनी त्याच्या दख्खनी हिंदीत हौ-नक्को करत पहार तिरपी धरायला लावली, आदर्शला आडवी फांदी सोडायला सांगितली, आणि मोरीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "प्रमोद, उलटी ठेव ती. मुळं वर, फुलं खाली. पुन्हा सांगणार नाही."

प्रमोदने निमूट उलटी ठेवली.

"आवाज तर आहे की," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि कुकटपल्लीचा विषय तिथंच संपला.

त्यानंतर भिवाजीराव रोज सकाळी चष्मा पुसून परसात जात. कुठं एखादा कोंब? एवढासा? पौर्णिमेच्या आदल्या दिवशी एका खळग्यात हिरवं काही दिसलं. ते गुडघे टेकून वाकले, पान चुरगळलं, हुंगलं. उग्र वास नव्हता. चाखून पाहिलं तर आंबट.

"अंबाडी आहे ती," मागून मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी पेरली. खाऊ नका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पत्र्याखाली सतरंज्या पसरल्या. चाळीसेक माणसं बसली. भिवाजीरावांनी पुस्तक उघडलं. कान गरम झाले. एकदा त्यांची नजर भिंतीकडे गेली. तिथं उलटी वाळलेली झुडपं मुळं वर करून उभी होती. अगदी पुस्तकात दिल्याप्रमाणे.

मनकर्णाबाई दुसऱ्या रांगेत होत्या. ओरखड्यांच्या खपल्या अजून पडायच्या होत्या. त्यांच्याकडे बघत भिवाजीरावांनी घसा खाकरला आणि एका खोलीत पुरेल इतक्या आवाजात पहिली ओळ वाचली.

"आवाज मोरीपर्यंत येऊ द्या," मागून प्रमोद म्हणाला.

लोक हसले. हसण्यात आपलंही हसू मिसळलेलं भिवाजीरावांना ऐकू आलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली.